जुन्या डॉसचं नवं बिऱ्हाड

तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत हयात घालवलेले एक निवृत्त लेखनिक एका दुपारी माझ्याकडे आले. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. हातात पेढ्यांचा रिकामा खोका, खोक्यात साडेतीन इंची सात फ्लॉप्या, रबरबँडने बांधलेल्या. रबर कधीचं विरघळून वरच्या लेबलाला चिकटलं होतं. त्याखाली निळ्या शाईत ‘बॅकअप ३१-३-९६’ एवढं वाचता येत होतं. एका मयत सभासदाच्या वारसांनी जुनं पासबुक आणलं होतं आणि त्यातलं व्याज संस्थेच्या आजच्या संगणकातल्या हिशोबाशी जुळत नव्हतं. फरक थोड्या रुपयांचा, संशय मात्र मोठा. भाऊसाहेबांना तो संशय लागला होता, कारण पासबुकाच्या त्या पानावरची सही त्यांची होती.

बॅकअप डॉसच्याच ‘बॅकअप’ आज्ञेने घेतलेला. म्हणजे तो सोडवायलाही डॉसच हवा. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह लावून सातही फ्लॉप्यांच्या प्रतिमा काढल्या, लॅपटॉपवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये एमएस-डॉस ६.२२ चढवला आणि ‘रिस्टोअर’ मागेल तशी एकेक प्रतिमा पुढे केली. डीबीएफ फाइली बाहेर आल्या. त्या आजच्या लिब्रेऑफिसमध्येही उघडतात. खाते क्रमांक, तारखा, जमा, नावे, सगळं ओळीने दिसलं. रोजच्या शिल्लकेवर व्याज काढून पाहिलं, तर आकडा वेगळाच. पासबुकातला आकडा आला कुठून, ते फाइल सांगत नव्हती.

मग त्याच व्हर्च्युअल मशीनमध्ये मूळ प्रोग्रॅम सुरू केला. क्लिपरमध्ये कुणा स्थानिक माणसाने लिहून दिलेला, त्याचा सोर्स कोड केव्हाच हरवलेला. निळ्या पडद्यावर दुहेरी रेघांची चौकट आली आणि भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्याकडे न बघताच तीनदा खालचा बाण, एंटर, खाते क्रमांक, एफ-५. बोटांना सगळं पाठ होतं. व्याजाचा तक्ता उघडला. दर महिन्यासमोर एकच शिल्लक होती. ‘हे बघा, दहा तारीख,’ ते म्हणाले. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी रक्कम राहिली, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. बँकांच्या बचत खात्यांनाही हीच रीत होती. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झालं. संस्थेच्या नव्या सॉफ्टवेअरला जुनी रीत कुणी शिकवलीच नव्हती. पासबुकातला आकडा पैशापर्यंत जुळला.

या पुस्तकाचं बीज त्या दुपारचं आहे. माहिती फाइलीत असते, पण रीत प्रोग्रॅममध्ये असते. फाइल जपली आणि प्रोग्रॅम चालवायची सोय गमावली, तर आकडे उरतात आणि त्यांचा अर्थ सांगणारा निघून जातो. महाराष्ट्राला हे नवीन नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवले आहेत. कागद शाबूत आहेत, वाचणारे थोडे. आणि मोडी वाचणारे सांगतात की अक्षर लागणं ही पहिली पायरी, खरी मेहनत संक्षेप, मापं आणि हिशोबाच्या पद्धती लावण्यात जाते. डॉसवरच्या प्रोग्रॅमचं तसंच आहे. फक्त इथे रीत जाणणारा कारकून पुन्हा उठवून गादीवर बसवता येतो. तो कसा बसवायचा, हा या पुस्तकाचा विषय.

डॉस म्हणजे काय, हे आज तिशीच्या आतल्या वाचकाला सांगावं लागतं. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पीसी जाहीर केला. त्याची कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरवली; मुळात ती सिअ‍ॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटरसन यांनी लिहिली होती आणि मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. आयबीएमच्या यंत्रावर ती पीसी-डॉस, इतरांच्या यंत्रांवर एमएस-डॉस. एका वेळी एक माणूस आणि एक काम, एवढाच तिचा संसार. प्रोग्रॅम सुरू झाला की सगळं यंत्र त्याचं. पडद्याच्या मेमरीत तो थेट लिहायचा, प्रिंटरच्या पोर्टावर थेट अक्षरं टाकायचा, घड्याळाचा वेगही हवा तसा बदलायचा. कुणाची परवानगी लागत नसे. ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर भराभर काम उरकायचं तर हा मोकळेपणा हवाच होता. आजच्या बहुतेक अडचणींचं मूळही त्यातच आहे.

त्या प्रोसेसरला, म्हणजे इंटेलच्या ८०८८ ला, एकूण १ मेगाबाइट मेमरी दिसायची. वरचे ३८४ किलोबाइट पडदा आणि रॉमसाठी राखलेले, उरलेले ६४० प्रोग्रॅमना. या ६४० च्या कोंदट खोलीत लोटस १-२-३, वर्डस्टार, वर्डपरफेक्ट, डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर, टर्बो पास्कल नांदले. टॅलीचीही सुरुवात डॉसवरच झाली. अमेरिका-युरोपात डॉसची आठवण निघते ती बहुतांशी खेळांची. आपल्याकडे ती हिशोबाची आहे. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने, सीएंची ऑफिसं, गावातले घाऊक व्यापारी, यांनी फॉक्सप्रो किंवा क्लिपर येणाऱ्या एखाद्या तरुणाकडून आपापल्या रीतीप्रमाणे प्रोग्रॅम करून घेतले. ते कुठल्याही दुकानात मिळत नव्हते, म्हणून आज कुठल्याही संग्रहातही सापडत नाहीत. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ साली डॉसचे दोन हजारांहून अधिक खेळ ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले, ते मोलाचंच काम आहे. पण भाऊसाहेबांचा व्याजाचा प्रोग्रॅम तिथे नाही आणि नसणार. तो जपला तर ज्याचा त्यानेच.

जुना प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालवण्याच्या खटपटीत काही घराणी तयार झाली. पहिलं घराणं कार्यप्रणालीच्याच घरात एक खोली काढून देणारं. १९८५ सालच्या इंटेल ८०३८६ प्रोसेसरमध्ये ‘व्हर्च्युअल ८०८६’ नावाची सोय होती: मोठ्या कार्यप्रणालीच्या पोटात राहूनही डॉसच्या प्रोग्रॅमला वाटायचं, आपण जुन्या यंत्रावरच आहोत. १९८७ च्या विंडोज/३८६ ने ही सोय वापरली, लिनक्सवर डॉसएमू आलं, १९९३ च्या विंडोज एनटीत एनटीव्हीडीएम आलं. आपल्यापैकी अनेकांनी विंडोज एक्सपीच्या काळ्या खिडकीत वर्षानुवर्षं फॉक्सप्रो चालवला तो याच आधारावर. मग २००३ साली एएमडीने ६४ बिटांचा प्रोसेसर आणला आणि त्याच्या ६४ बिटांच्या चालीत ही सोय ठेवलीच नाही. त्यामुळे ६४ बिटांच्या विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम नाही. यंत्र नवं घेतलं, प्रोग्रॅमवर दोनदा क्लिक केलं आणि ‘हा प्रोग्रॅम या संगणकावर चालणार नाही’ अशी पाटी आली, हा अनुभव ज्यांना आला त्यांच्या डोक्यावरचं छप्पर तेव्हाच उडालं होतं.

दुसरं घराणं अख्ख्या व्हर्च्युअल मशीनचं. यात भाडेकरूला खोली देत नाहीत, वाडा आपलाच आहे असा त्याचा समज करून देतात. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःचं घड्याळ मिळतं; खरा मालक आत हिंडताना दिसत नाही. कल्पना आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकातच रुजली होती. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी तिची कसोटी नेमकी मांडली: आतल्या प्रोग्रॅमचं वागणं खऱ्या यंत्रावरच्यासारखंच हवं, बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवरच चालायला हव्यात आणि साधनसामग्रीचा ताबा शेवटपर्यंत मालकाकडे हवा. पीसीचा प्रोसेसर या कसोटीला उतरत नव्हता. १९९९ साली व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या चातुर्याने ते जमवलं. पुढे २००५ आणि २००६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी जागा केली. व्हर्च्युअलबॉक्स आणि लिनक्सचं केव्हीएम, दोन्ही २००७ ची. यात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. इंटेलच्या या सोयीच्या पहिल्या पिढ्यांना नव्या कार्यप्रणाली सांभाळता येत होत्या, पण डॉसची सर्वांत साधी १६ बिटी चाल थेट पेलत नव्हती. ती क्षमता २०१० च्या आसपासच्या प्रोसेसरांत आली. पाहुण्यांत सर्वांत म्हातारा जो, त्याचीच सोय सर्वांत शेवटी झाली.

तिसरं घराणं नकलाकारांचं, म्हणजे एम्युलेटरचं. इथे डॉसची कुठलीही आज्ञा खऱ्या प्रोसेसरला थेट दिलीच जात नाही. एम्युलेटर ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि तिचा परिणाम स्वतः घडवून आणतो. २००२ साली आलेला डॉसबॉक्स या घराण्याचा सर्वांना माहीत असलेला गवई. तो जुनं यंत्रही आपणच होतो आणि डॉसही आपणच होतो, त्यामुळे वेगळा डॉस लागत नाही. बॉक्स (Bochs), पीसीईएम, ८६बॉक्स यांची नक्कल याहून कडक, चिपगणिक. व्हर्च्युअलायझेशन आणि एम्युलेशन यांतला हा भेद पूर्वी अभ्यासकांपुरता होता. २०२० साली अ‍ॅपलने आपल्या मॅकमध्ये वेगळ्या जातीचा प्रोसेसर बसवला आणि भेद घरात शिरला: त्या मॅकवर डॉस चालवायचा तर नक्कलच करावी लागते, थेट चालवण्याचा प्रश्नच उरत नाही.

कुठलं घराणं धरावं? माझं मत मी आधीच सांगून टाकतो. हिशोबाच्या कामाला शुद्ध डॉसबॉक्स नको. त्याचे कर्ते स्वतःच तो खेळांसाठी असल्याचं सांगत आले आहेत, आणि दोन जण एकाच वेळी एकाच डीबीएफमध्ये लिहीत असतील तर त्याच्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. एकट्याने जुने अहवाल पाहायचे आणि छापायचे असतील, तर त्याच्या वंशातले डॉसबॉक्स-एक्स आणि व्हीडॉस सोयीचे. बॅकअप सोडवायचा असेल, मूळ डॉसचीच एखादी आज्ञा हवी असेल किंवा सगळा जुना कारभार जसाच्या तसा उभा करायचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन आणि आत खरा डॉस. तो खरा डॉस फ्रीडॉसही असू शकतो. मायक्रोसॉफ्ट डॉस मोडीत काढणार असं दिसल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने जून १९९४ मध्ये त्याची घोषणा केली. पहिली पूर्ण आवृत्ती २००६ ची, आणि काम अजून चालू आहे. तो मुक्त आहे, त्यामुळे परवान्याची चिंता नाही.

आता अडचणींकडे वळतो, कारण पुस्तकाची निम्म्याहून जास्त पानं त्यांनीच खाल्ली आहेत. बहुतेक अडचणी गरिबीच्या नाहीत, श्रीमंतीच्या आहेत. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून बसतात. या क्रमांकाचा अर्थ शून्याने भागाकार. सोर्समध्ये शोधशोध शोधा, शून्याने भागलेलं कुठेच सापडत नाही. खरी गंमत अशी: पीसीचं घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ ठोके देतं, म्हणजे दर ५५ मिलिसेकंदांनी एक. ‘थोडं थांब’ हे काम नीट व्हावं म्हणून पास्कलचा एक भाग सुरुवातीलाच एका ठोक्यात रिकाम्या फेऱ्या किती होतात ते मोजतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५ च्या आत, मावेल असं गृहीत धरलेलं. हे लिहिणाऱ्याच्या काळात ते आरामात मावत होतं. पुढे यंत्रं इतकी वेगवान झाली की एका ठोक्यात ३६ लाखांहून जास्त फेऱ्या होऊ लागल्या, भागाकाराचं उत्तर घरात मावेना, आणि असं झालं की प्रोसेसर जो इशारा देतो तोच शून्याने भागल्यावरही देतो. म्हणून ती पाटी. प्रोग्रॅम बिघडलेला नाही. त्याच्या मापाबाहेर जग वेगाने धावतं आहे. एम्युलेटरमध्ये वेग हवा तितका खाली आणता येतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये तसा आणता येत नाही, तिथे प्रोग्रॅमवरच ठिगळ लावावं लागतं.

डिस्कचंही तेच. दोन गिगाबाइटांपलीकडची रिकामी जागा दिसली की काही प्रोग्रॅमांची मोजणी उलटी फिरते आणि ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणतात. म्हणून त्यांना लहानशी डिस्क द्यायची आणि मेमरी १६ मेगाबाइटांवर ठेवायची. श्रीमंती लपवलेली बरी. आणखी एक: डॉसचा प्रोग्रॅम कळ दाबली जाण्याची वाट पाहतो तेव्हा स्वस्थ बसत नाही, ‘दाबली का, दाबली का’ असं अखंड विचारत राहतो. कोरा पडदा समोर असतानाही लॅपटॉपचा पंखा घोंघावू लागतो तो यामुळे. उपाय एका छोट्या प्रोग्रॅमचा आहे, पण कारण कळलं नाही तर माणूस यंत्र दुरुस्तीला टाकतो.

एका जागी मात्र व्हर्च्युअल मशीन हात टेकतं, आणि ती जागा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची आहे. डॉसला देवनागरी येत नव्हती. आयआयटी कानपूरमध्ये घडलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने घरोघरी पोचवलेलं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डीबेस, वर्डस्टारसारखे प्रोग्रॅम, त्यांना स्वतःला पत्ताही न लागता, मराठी दाखवू लागत. अक्षरांचे क्रमांक इस्की या मानकाप्रमाणे, १२७ च्या वरच्या घरांत. अक्षराला रूप द्यायचं काम कार्डाचं होतं, प्रोग्रॅमचं नव्हे. व्हर्च्युअल मशीन आतल्या डॉसला दाखवतं ते साधं व्हीजीए कार्ड. त्या वरच्या घरांत आयबीएमने युरोपी अक्षरं आणि चौकटींच्या रेघा बसवल्या होत्या, म्हणून ‘पाटील’ आणि ‘कुलकर्णी’ यांच्या जागी रेघोट्या दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, फाइल सडली. ती सडलेली नसते. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीच्या क्रमावरच रचलेला आहे, त्यामुळे हलन्त आणि नुक्त्याच्या काही जागा सांभाळल्या की रूपांतर जवळजवळ अक्षराला अक्षर होतं. पडदा मराठी होत नाही, पण फाइलीतली नावं परत मिळतात. या प्रकरणावर मी सर्वांत जास्त महिने घालवले, आणि तेवढे महिने द्यायलाच हवे होते असं मला वाटतं. आपल्या भाषेतली संगणकावरची पहिली नोंद रेघोट्या समजून कुणी पुसून टाकू नये.

छपाईबद्दल थोडक्यात: जुना प्रोग्रॅम डॉट मॅट्रिक्सच्या भाषेत बोलतो, आजचे बरेच प्रिंटर ती जाणत नाहीत, मध्ये दुभाषा बसवून पीडीएफ काढावी. आणि जुन्या फ्लॉप्यांबरोबर जुने व्हायरसही येतात. १९९० साली भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरस दर ५ जानेवारीला यंत्र अडवून ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावायचा. तुमच्या खोक्यातल्या एखाद्या फ्लॉपीत तो अजून वाट पाहत असेल. व्हर्च्युअल मशीनच्या भिंतीआड तो फक्त एक जुना नमुना आहे.

हे सगळं आत्ताच का? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ३२ बिटांत मिळणारं ते शेवटचं घरगुती विंडोज होतं. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत आहे. प्रोसेसरमधून १६ बिटी चाल काढून टाकण्याचा प्रस्ताव इंटेलने २०२३ मध्ये मांडला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला, पण विचार एकदा निघाला आहे. फ्लॉपीवरचं चुंबकीय लेपण दरवर्षी झिजतं. आणि ज्यांच्या बोटांना एफ-५ पाठ आहे ती माणसं सत्तरीकडे आली आहेत. शेवटचं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. प्रोग्रॅम चालू करता येईल, पण कुठल्या कळीने काय उघडतं ते सांगणारा शेजारी बसला असेल तर एका दुपारचं काम, नसेल तर महिन्याचं.

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. खेळांवर यात काही नाही. कारखान्यातली यंत्रं चालवणारे, खास कार्ड लागणारे डॉस प्रोग्रॅम यात नाहीत. तिथे वेळेचं गणित मायक्रोसेकंदाचं असतं आणि जुना पीसीच सांभाळणं शहाणपणाचं. मालकाने विकायचं थांबवलेलं सॉफ्टवेअर आपोआप सर्वांचं होत नाही, कायदा तसं म्हणत नाही. भारतात लेखकाच्या हयातीनंतरही हक्क ६० वर्षं राहतो. म्हणून इथली प्रत्येक कृती तुमच्याकडे रीतसर असलेल्या प्रतीवर करायची आहे. क्रम अवघडपणाचा नाही, गरजेचा आहे: आधी माध्यम वाचवणं, मग प्रोग्रॅम चालवणं, मग त्यातली रीत कागदावर उतरवणं. तिसऱ्या भागासाठी मी निवृत्त लेखनिकांबरोबर बसलो, त्यांना प्रोग्रॅम चालवू दिला आणि ते काय बोलतात ते लिहून घेतलं. संगणकाच्या पुस्तकात हे कदाचित अनोळखी वाटेल, पण पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग तोच आहे असं मी मानतो.

पहिलं पान उलटण्याआधी एकच काम करा. घरात किंवा ऑफिसात जुन्या फ्लॉप्या असतील तर त्या ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी उजेडात धरा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी, आरपार दिसणारी हवी. तशी असेल तर यंत्र तिच्यावर काही लिहू शकत नाही. सव्वापाच इंची असेल तर उलट, कडेची खाच चिकटपट्टीने झाकलेली हवी. भाऊसाहेबांच्या सातही फ्लॉप्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. १९९६ च्या मार्चअखेरीला, हिशोब मिटवून घरी जाण्यापूर्वी, त्यांनीच त्या एकेक सरकवल्या होत्या.